पिवळ्या हातांची शेजारीण

या सदरातले अनुभव मी आजवर एकाच हेतूने वाचत आले – प्रत्येकात भोक कुठे आहे ते शोधायला. अर्धवट झोप, थकवा, मागाहून रचली गेलेली आठवण, निव्वळ योगायोग... यातलं काही ना काही सापडतंच. आमच्या घरात दृष्ट काढत नाहीत, नवस बोलत नाहीत, आणि माझ्या शिक्षणाने तर उरलीसुरली शक्यताही मिटवली. तेव्हा स्वतःचा अनुभव लिहिताना मी तीच कात्री स्वतःवरही चालवणार आहे. जिथे भोक दिसेल तिथे वाचकांनी खुशाल बोट ठेवावं. मला खरोखर आनंद होईल.

मी डॉक्टर आहे. हिंगोलीतल्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात, म्हणजे आयसीयूत काम करते आणि सेप्सिसवर संशोधन करते. सेप्सिस म्हणजे जंतुसंसर्गाला शरीराने दिलेला असा बेभान प्रतिसाद, की तो शरीराच्याच अवयवांवर उलटतो. रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंडं थांबतात, श्वास यंत्रावर न्यावा लागतो. अँटिबायोटिक, सलाइन, रक्तदाब धरून ठेवणारी औषधं – सगळं दिलं तरी संसर्गाचा उगम सापडून तो काढून टाकला नाही, तर बऱ्याचदा काहीच उपयोग होत नाही.

माझ्या संशोधनाचा विषय मात्र यातून वाचलेली माणसं. घरी गेली की आमच्या लेखी ती बरी झालेली असतात. प्रत्यक्षात कितीतरी जणांना झोप लागत नाही, आयसीयूतली भयंकर दृश्यं छळत राहतात. मी त्यांच्या गावी जाऊन मुलाखत घेते. नियम एकच आणि कडक: काहीही सुचवायचं नाही. ‘काय आठवतं?’ असं विचारायचं आणि त्यानंतर फक्त ‘आणखी सांगा’. सूचक प्रश्न विचारला की आठवण बाटते.

गेल्या हळदीच्या हंगामात नसरीन आमच्याकडे आली. जवळा बाजारची, वय पंचविशीच्या आत, घरी रांगणारी मुलगी. नातेवाइकांच्या शेतावर हळद शिजवायला आणि वाळवायला गेली होती. तिथेच ताप भरला. आली तेव्हा शुद्ध जवळजवळ हरपलेली, आणि हात नखांपासून मनगटापर्यंत पिवळेजर्द. आम्ही नख दाबून सोडतो आणि गुलाबी रंग किती लवकर परततो ते पाहतो. त्यावरून रक्ताभिसरणाचा अंदाज येतो. तिच्या नखांवर तो रंग दिसेचना. नर्सेसनी स्पिरिटने पुसून पाहिलं, काही फरक नाही. मग आम्ही गुडघ्यावर दाबून बघू लागलो. तिथला रंग परतायला फार वेळ लागत होता.

उगम सापडत नव्हता. छाती स्वच्छ, लघवी स्वच्छ, पोटाच्या सोनोग्राफीत काही नाही. सीटी स्कॅनला हलवावं इतकाही रक्तदाब टिकत नव्हता. जखम, ऑपरेशन, गर्भपात, कुठला उपचार – सगळं विचारून झालं. सासू खातूनबी प्रत्येक वेळी मान हलवायच्या. ‘नै डॉक्टरनी, कुछ इलाज नै कराया. बस बुखार.’

मग तो दिवस आला, जो आमच्या भागातल्या प्रत्येक आयसीयूला माहीत असतो. खातूनबींनी मला दाराशी गाठलं.

‘सच्ची बोलो, बचेगी क्या?’

‘सांगता येत नाही, खाला.’

‘तुम लोगां को सब सांगता येतं, येच एक बात नै येती,’ त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. ‘तो फिर घर ले जाने दो. मशीन पे नक्को. बच्ची का मुँह देख के जाने दो उसको.’

घरी नेणं म्हणजे श्वासाची नळी काढणं. वाटेतच संपली असती. आमच्या वरिष्ठ सरांनी संध्याकाळपर्यंत थांबायची विनंती केली. त्यानंतर ते कुटुंबाला अडवणार नव्हते. मी घुटमळत होते, तर सर म्हणाले, ‘तुझी हट्ट्याची मुलाखत ठरलेली आहे ना? जा. इथे उभी राहून तू काही वेगळं करणार नाहीस.’ ते खरं होतं. मी गेले.

हट्ट्याला कमलबाईंचं घर बौद्धवाड्याच्या तोंडाशीच आहे. त्या हंगामाच्या आधीच्या दिवाळीत लघवीतला संसर्ग रक्तात पसरून त्या आमच्याकडे दाखल होत्या आणि जिद्दीने वाचल्या होत्या. मी ‘जय भीम, मावशी’ म्हणून आत गेले, तर त्यांनी बसायलाही सांगितलं नाही.

‘ती पोरगी सुटली का तुमच्या दवाखान्यातून?’

‘कोणती पोरगी?’

‘माझ्या बाजूच्या खाटंवरची. पिवळ्या हाताची.’

मी बॅग खाली ठेवली. कमलबाईंची खाट कोपऱ्यातली होती. एका बाजूला भिंत. दुसऱ्या बाजूच्या खाटेची यंत्रणा तेव्हा बिघडलेली होती. गादी काढून लोखंडी सांगाडा तेवढा ठेवला होता. त्यांच्या सबंध मुक्कामात तिथे कुणीही झोपलेलं नव्हतं. ती खाट पुढे दुरुस्त झाली... आणि त्या दुपारी तिच्यावर नसरीन होती.

हे मी त्यांना सांगितलं नाही. मी म्हटलं, ‘आणखी सांगा.’

त्यांनी सांगण्याआधीच चहा घेऊन आलेली त्यांची सून बोलली, ‘मॅडम, तुमी तरी समजवा यांना. दवाखान्यातून आल्यापासून येकच लावलंय – पिवळ्या हाताची पोरगी, पिवळ्या हाताची पोरगी. मी दिवाळीतच म्हणलं, आत्याबाई, हळद तर अजून वावरात हिरवीगार उभी हाय, तवा कुणाचे हात पिवळे असतेत? तर मलाच म्हणतेत, तुला काय कळतं.’

‘न्हाईच कळत तुला,’ कमलबाई म्हणाल्या. ‘तू कवा मशीनवर झोपली का?’

‘न्हाई बाई. अन् झोपायचं बी न्हाई.’

‘मग चहा दे अन् गप बस.’ त्या माझ्याकडे वळल्या. ‘ती सारखी बोलून राहिली व्हती. मावशी, मला तकलीफ हाय, अन् ही लोकं भलतीकडंच बघून राहिलीत. म्या म्हणलं, कुठं तकलीफ? तर म्हणे, सुई टोचली तिथं आत, लई खोल. असं.’ त्यांनी स्वतःचा हात डाव्या बाजूला, कमरेच्या खाली, जिथे इंजेक्शन देतात नेमका तिथे दाबून धरला. ‘म्या म्हणलं, सांगते मी. पण माझ्या नरड्यात नळी. अन् घरी आल्यावर ज्याला सांगावं त्यो म्हणतो, म्हातारीचं डोकं फिरलं. तिनं काहून माझ्यावर भरवसा ठेवला असंल? झोपच येत न्हाई मला.’

अशा वेळी अंगावर काटा येतो असं वाचलं होतं. मला आला नाही. माझ्या डोक्यात फक्त एक क्रम लागत गेला: ताप, हंगामाचं काम थांबवता येत नाही, कमरेत सुई. आमच्या भागात ताप आला की सुई घेतल्याशिवाय कुणाला बरं वाटत नाही, आणि सुई हा उपचार आहे असंही कुणाला वाटत नाही. चहा घेतल्यासारखी ती घेतात. आम्ही विचारत होतो ‘काही इलाज केला का?’ आणि खातूनबी अगदी प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणत होत्या. सुई अस्वच्छ असेल तर स्नायूच्या खोल थरात पू साठतो. वरची त्वचा कित्येक दिवस साफ दिसू शकते. आम्ही नसरीनला कुशीवर वळवून पाठ पाहिली होती... त्वचा पाहिली होती.

मी अंगणात जाऊन सरांना फोन लावला.

‘सर, नसरीनला सोडू नका. कमरेखाली डावीकडे सोनोग्राफीचा प्रोब ठेवून बघा. खोल.’

‘पाठ दोनदा पाहिली आहे.’

‘वरून पाहिली आहे, सर. तिने सुई घेतली असावी.’

‘ही हिस्ट्री कुठून मिळाली?’

‘एका पेशंटकडून,’ मी म्हटलं.

सरांनी पुढे विचारलं नाही. नंतर कळलं की त्यांनी आधी खातूनबींना विचारलं – ‘इलाज’ नव्हे, ‘सुई’ असा शब्द वापरून. त्या सहज म्हणाल्या, ‘सुई तो ली थी ना. सुई तो सबीच लेते.’ डावीकडे प्रोब ठेवला तर स्नायूच्या आत पुवाचं मोठं तळं होतं. सर्जनने तिथल्या तिथे, खाटेवरच ते मोकळं केलं. मी हिंगोलीत पोचले तेव्हा खातूनबी बाकावर तसबीहची माळ ओढत बसल्या होत्या. घरी न्यायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. हळूहळू रक्तदाबाची औषधं कमी होत गेली, मग श्वासाची नळी निघाली.

आता कात्री. हट्टा आणि जवळा बाजार काही फार लांब नाहीत. सुईची बातमी नात्यागोत्यातून कमलबाईंपर्यंत पोचली असेल का? शक्य आहे. मी चौकशी केली, ओळखीचा एकही धागा मिळाला नाही. पण धागा मिळाला नाही म्हणजे तो नाही, असं सिद्ध होत नाही. सुनेची आठवण मागाहून रंगली असेल का? असेल, पण ती बिचारी सासूची खिल्ली उडवत होती; त्या गोष्टीला बळ देण्यात तिचा काही लाभ नव्हता. यंत्रावरच्या माणसाला भास होतात, आणि हळदीच्या मुलखात त्या भासातले हात पिवळे असणं स्वाभाविक. मान्य. मी सुई आणि पू यांचा विचार आज ना उद्या केलाच असता. हेही मान्य. पण त्या दिवशी ‘उद्या’ उपलब्ध नव्हता. आणि डावी बाजू? तिला माझ्याकडे निम्मी शक्यता एवढंच उत्तर आहे. यातलं प्रत्येक स्पष्टीकरण सुटं सुटं उभं राहतं. एकत्र ठेवली की ती एकमेकांना टेकून उभी आहेत असं वाटतं.

कमलबाईंना मी फोन करून कळवलं की ती मुलगी वाचली. संशोधकाने असं करू नये, तरी केलं. त्या म्हणाल्या, ‘बराबर. म्हणूनच आता येत न्हाई ती.’ सुनेकडून समजलं की त्यांना झोप लागू लागली आहे. माझ्या तक्त्यात मात्र त्यांचं उत्तर ‘भास’ याच रकान्यात आहे. शेजारची खाट रिकामी होती. आमच्या व्याख्येप्रमाणे तो भासच. दुसरा रकाना नाही.

नसरीनची मुलाखत मी पुढे जवळा बाजारला, तिच्या घरी घेतली. मुलगी तिच्या मांडीवर होती, हातांचा रंग कधीच उतरला होता. मी नेहमीचा प्रश्न विचारला, काय आठवतं?

‘ज्यादा नै. मैं बोलती थी, बोलती थी, कोई सुनताच नै था.’

हे यंत्रावरचे बरेच रुग्ण सांगतात. नळीमुळे आवाज फुटत नाही. मी लिहून घेतलं.

‘फिर एक जनी ने सुन लिया,’ ती म्हणाली.

माझ्यासमोर त्या क्षणी एकच प्रश्न होता, आणि तो सूचक होता. तिच्या एका बाजूला कोपऱ्यातली खाट, जिच्यावर तेव्हा एक बेशुद्ध पुरुष रुग्ण होता. दुसऱ्या बाजूलाही पुरुषच. सगळ्या नर्सेस तिचं ऐकायला धडपडत होत्या, तेव्हा ‘जनी’ म्हणजे कुणीही. मी नियम पाळला.

‘आणखी सांगा.’

नसरीनने मुलीचे केस कानामागे सारले. जरा आठवून पाहिलं.

‘और क्या... उसने बोला, मैं सांगती. फिर मेरे कू नींद आ गई.’

मी ते तिच्याच शब्दांत उतरवून घेतलं. कोणत्या रकान्यात टाकावं, ते अजून ठरलेलं नाही.