हेलिकॉप्टरातला तिसरा माणूस

त्या दिवशी सकाळी कौसानं माझ्या बुटाच्या नाड्या बांधल्या. रोजचंच काम. माझी पाठ वाकत न्हाई. मी बाजेवर बसायचं, पाय पुढं करायचा. ती खाली उकिडवी बसून नाडी आवळायची.

"रोज नवऱ्याच्या पाया पडायलेय मी," ती म्हणली. "पुण्य कुठं चाललंय कुणास ठावं."

"आवळ नीट," मी म्हणलं.

आमी नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम तेवढंच. मेंढरं भावकीतल्या एकाच्या हवाली केली आणि एसटीनं वडवणीला गेलो. माजी सैनिकांचा सत्कार होता. मला शाल आणि नारळ मिळणार होता. मी नको म्हणत होतो. कौसा म्हणली, "साहेब बी येणार हाय. चारचौघात अर्जाचं विचारा. चारचौघात न्हाई म्हणता येत न्हाई त्याला."

साहेब म्हंजी आमच्या भागातल्या मोठ्या जमीनदार घरातला, फौजेतून निवृत्त झालेला अफसर. वडवणीत त्यानं माजी सैनिकांची संघटना काढलीय. आमच्यासारख्याचे अर्ज त्याच्या शिक्क्यानं पुढं जातेत. माझा अर्ज पुढं जात नव्हता. मी लिहून दिलं होतं, की लई वर्सांमागं बर्फाच्या डोंगरात फौजेचं हेलिकॉप्टर पडलं, त्यात दोन साहेब मेले आणि तिसरा मी होतो, माझं बी नाव कागदावर घ्या. साहेब म्हणायचा, पुरावा आणा. पुरावा माझ्या पाठीत होता. तो कागदावर न्हाई.

शाळेच्या मैदानावर पाणी मारलं होतं, धूळ उडू नये म्हणून. सत्काराला बोलावलेला पुढारी हेलिकॉप्टरनं आला. ते उतरताना मी मंडपाच्या बांबूला धरून उभा होतो. बांबू हालत होता का मी, कळलं न्हाई.

माझी पाळी आली. मी स्टेजवर चढलो, शाल-नारळ घेतला. साहेबानं माईक हातात घेतला.

"हे आमचे मेंढरवाले फौजी. यांचं म्हणणं आहे, हे हेलिकॉप्टरसकट पडले आणि जिवंत राहिले. मी म्हटलं, नीट आठवा बाबा, हेलिकॉप्टरवरून पडलात का मेंढीवरून?"

मंडप हसला. पुढारी बी हसला. त्यानं माझ्या खांद्यावर हात टाकला. "मग आज बाबांना बसवू की आपल्या हेलिकॉप्टरात. फोटो काढा रे. पट्टा घट्ट बांधा, परत पडायचे."

त्याच्या माणसानं माझा दंड धरला आणि चालवत नेलं. मी गेलो. बकरं नेतेत तसा गेलो. जवळ पोचलो आणि वरचा पंखा फिराया लागला. आवाज वाढला. मग मला काय झालं सांगता येत न्हाई. मी खाली बसलो. डोक्यावर हात धरून, चिखलात. पँट ओली झाली. मैदानाच्या पाण्यानं न्हाई.

लोक मोबाइल काढून उभे होते.

कौसा बायांच्या बाजूनं आली. चालत आली, पळत न्हाई. पंखा थांबला होता. ती माझ्यापुढं उभी ऱ्हायली.

"हसता कावून? दोन माणसं मेलीत त्यात. तुमच्यातलं कोण होतं तिथं?"

तिनं चिखलात पडल्याला माझा नारळ उचलला, स्टेजवर नेऊन साहेबाच्या टेबलावर ठिवला आणि मला हाताला धरून उठवलं.

आणि मी काय केलं? जाताना साहेबाला सलाम ठोकला. सवय.

एसटीत ती खिडकीकडं तोंड करून बसली. आमचा थांबा आला तवा एवढंच म्हणली, "तुमी गप बसता म्हणून ते हसतेत."

घरी आली. मेंढरांना पाणी दाखवलं. हौदापाशीच छातीत कळ आली. जीप आणूस्तोवर गेली. लोक म्हणले ऊन लागलं. लोक काय बी म्हणतेत.

मसणवट्यात बूट काढायचे होते. नाड्या तिनं बांधलेल्या. मला सुटंनात. कुणी तरी विळ्यानं कापल्या.

आता ते सांगतो, जे तिला बी सगळं सांगितलं न्हाई.

मी चौथी नापास. फौजेत घेतलं ते छाती बघून. वरच्या डोंगरात माझं काम हेलिकॉप्टरात माल चढवायचं. रॉकेलचे डबे, पीठ, बॅटऱ्या. हेलिकॉप्टर लहान. पुढं चालवणारे दोन साहेब, मागं माल आणि वरच्या चौकीवर तो उतरवायला एक माणूस. त्या दिवशी यादीत ज्याचं नाव होतं त्याला ताप भरला. यादी अगोदरच गेलती, त्याच्या नावावर काट मारून. मोठा साहेब मला म्हणला, "तू बैठ." मी बसलो. माझं नाव कुणी लिहिलं न्हाई. मी बी लिहा म्हणलं न्हाई.

अंगात कोटाच्या आत मी घोंगडी गुंडाळली होती. काळी. आमच्याच मेंढरांच्या लोकरीची. फौजेत ती चालत नव्हती. बराकीत पोरं नाक धरायची. "बकरी आली, बकरी आली." म्हणून मी ती लपवून वापरायचो. सरकारी कांबळी दोन घेतली तरी तिच्यासारखी ऊब न्हाई.

वर चढताना मशीन आजारी मेंढीवानी एका बाजूला कललं. मग दगड. मग बर्फ. मग काहीच ऐकू येईना.

मोठा साहेब बसल्या जागी गेला होता. धाकटा जिवंत होता. पोरगेला होता, मिशी नुकती. त्याचे पाय पत्र्यात अडकलेले. मी ओढून बघितलं. माझ्या पाठीत काही तरी मोडल्यालं, जोर लागंना. तो म्हणला, "ठंड लग रही है." मी कोट काढला, आतली घोंगडी काढली, त्याला गळ्यापासून खाली झाकलं. वास येतोय का म्हणून त्याच्या तोंडाकडं बघितलं. खरं सांगतो. माणूस मरायलाय आणि मला वासाची लाज.

मी म्हणलं, "मदत लेके आता हूँ."

तो म्हणला, "जल्दी आना."

मी जल्दी आलो न्हाई. मी सरपटत निघालो आणि कुठं तरी खालच्या अंगाला पडलो. खालच्या गस्तीला मी बर्फात सापडलो. शुद्धीवर आलो तर दवाखाना, जीभ सुजल्याली. हेलिकॉप्टर दुसऱ्या लोकांनी दुसऱ्या दिवशी शोधलं. त्यात दोघं. दोघं बी मेलेले.

मग आमचा सुभेदार कागद घेऊन आला. इंग्रजीत. "लिखा है, बर्फ पे फिसल गया. दस्तखत कर."

मी म्हणलं, मी तर मशीनमध्ये होतो.

"तू लिस्ट में नहीं था. बोलेगा तो मरे हुए साहब का नाम खराब होगा. बिना लिस्ट का आदमी क्यों बिठाया?"

मेलेल्या माणसाचं नाव. मी सही केली.

गावात आलो. कौसानं पहिलं विचारलं, "घोंगडी कुठंय?" मी म्हणलं, हरवली. लई चिडली. तिच्या सासऱ्याच्या, माझ्या बापाच्या हातची लोकर होती. मी खरं सांगितलं असतं, तर जित्या माणसाला तिथं सोडून आलो हे बी सांगावं लागलं असतं. तेवढंच पोटात ठिवलं. बाकी सगळं तिला ठाऊक होतं. म्हणून तर तीच मागं लागायची, कागद काढा, कागद काढा. गावानं माझं नाव 'हवाई फौजी' पाडलं होतं. पोरंसोरं मला बघून हात पसरून घरघर करायची. ती दगड उचलायची.

माहितीच्या अधिकाराचे अर्ज तिनंच करायला लावले. वडवणीत तहसीलसमोर सत्तारभाई टायपिंग करतो, त्याच्याकडून. नकार आला, की तिनं परत पाठवलं. माझ्यापेक्षा तीच फौजी होती.

तिचा दहावा झाला. पाकीट आलं.

हेलिकॉप्टर पडल्यावर फौजेनं केलेल्या चौकशीच्या कागदाच्या नकला होत्या. पाच पानं. मी तसाच साहेबाकडं गेलो. चपला घालून, बूट घालायचं सोडलं होतं. त्यानं पानं उलटली. उभ्या उभ्या.

"यात दोनच माणसं आहेत. तुमचं नाव कुठंय?"

"पुढं बघा, साहेब. आणखी काही लिहिलेलं असंल."

"मी इंग्रजी वाचतो, बाबा. तुम्ही मेंढ्या वाचा." त्यानं पानं माझ्याकडं सरकवली. "बायको गेली, वाईट झालं. पण आता हे हेलिकॉप्टर उतरवा एकदाचं."

माझा हात कपाळाकडं निघाला. सलामाला. अर्ध्यात थांबवला. तेवढंच केलं. बाकी काही बोललो न्हाई. बाहेर आलो आणि पायऱ्यांवर माझीच मला शिसारी आली. ती एसटीत काय म्हणली होती, ते कानात वाजत होतं.

सत्तारभाईच्या टपरीवर गेलो. म्हणलं, "सगळं वाच. नाव न्हाई म्हणून सोडू नको. एकेक ओळ वाच."

"बैठो फौजी. चाय पिओ पहले."

"चहा नको. वाच."

तो वाचत गेला, मराठीत सांगत गेला. हवा कशी होती. मशीन कोणत्या अंगावर पडलं. मयत कुठं सापडले. मग सामानाची यादी. घड्याळ एक. नकाशा एक. हातमोजे. सत्तारभाई थांबला. चष्मा वर केला.

"फौजी, तुमच्या फौजेत मेंढरं बी होती का?"

"कावून?"

"इथं लिहिलंय. देशी कांबळं, काळं, मेंढीच्या लोकरीचं, एक. धाकट्या साहेबाच्या मयतावर, गळ्यापर्यंत. एका कोपऱ्याला दोन चिरा, कडा लाल धाग्यानं शिवलेल्या. फौजेचं सामान न्हाई. मालक माहीत न्हाई."

मी खाली बसलो. या वेळी भीतीनं न्हाई बसवलं.

ज्याला ठाऊक न्हाई त्याला सांगतो. मेंढरं घेऊन आमी रानोरान फिरतो. चार घरांचे कळप एका ठिकाणी बसतेत. मेंढरं एकमेकांत मिसळतेत. म्हणून प्रत्येक घराची खूण असती, मेंढराच्या कानाला. कुणाची कोर, कुणाचं भोक. आमच्या घराची डाव्या कानाला दोन चिरा. माझ्या बापाची तीच, त्याच्या बापाची तीच. घोंगड्या बी सगळ्यांच्या काळ्याच. त्या बदलू नयेत म्हणून कौसानं मी फौजेत जाताना कोपऱ्याला आमच्या मेंढराची खूण केली. दोन चिरा. उसवू नयेत म्हणून लाल धाग्यानं काठ शिवले.

त्या पत्र्याच्या ढिगात, बर्फात, तिचा हात होता. कुण्या अफसरानं तो मोजून लिहून ठिवला होता. आणि तिला ते ठाऊक न होता ती गेली.

सत्तारभाईनं विचारलं, "ही एवढी मोठी निशाणी. अर्जात कावून न्हाई लिहिली? माझ्यासमोर तर बसलेले होता तुमी, दरवेळी."

"लाज वाटली."

"कशाची?"

"बकरीच्या वासाची."

तो हसला न्हाई. टायपिंगच्या मशीनमध्ये कोरा कागद घातला. म्हणला, "बोला."

मी बोललो. आयुष्यात पहिल्यांदा न अडखळता. लिही म्हणलं, की मी मेंढरामागचा माणूस. ती घोंगडी माझी. खूण माझ्या घराची, शिवण माझ्या बायकोची. हेलिकॉप्टरात तीन माणसं होती. ताप आलेल्याच्या जागी मला बसवलं. बर्फावर घसरलो म्हणून ज्या कागदावर माझी सही हाय, ती दाबून घेतलेली खोटी सही हाय आणि ती मी आज मागं घेतो. धाकट्या साहेबाच्या घरच्यांना कळवा, की तो उघडा मेला न्हाई. त्याला झाकलं होतं. झाकणारा अजून जिता हाय. आणि तो परत पोचला न्हाई, हे बी लिही.

सत्तारभाईचा हात थांबला. "ये भी लिखू? याचा तुमालाच त्रास होईल."

"लिही. अर्धं खरं सांगूनच इथवर आलोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी कळपातली एक म्हातारी मेंढी निवडली. शांत असती ती. गळ्यात दोरी बांधली आणि वडवणीला चालत गेलो. एसटीत घेतली नसती. पाठ ओरडत होती. ओरडू दिली.

साहेबाच्या हापिसात फरशी चकचकीत. मेंढीचे खूर घसरत होते. साहेब खुर्चीवरून उठला.

"हे काय आहे? बाहेर काढा आधी ते!"

"काढतो. अगोदर कान बघा."

मी मेंढीचा डावा कान धरून त्याच्यापुढं केला. दुसऱ्या हातानं चौकशीचं पान टेबलावर ठिवलं. सत्तारभाईनं त्या ओळीखाली पेननं रेघ मारली होती. साहेबानं पान वाचलं. कान बघितला. परत पान वाचलं. लई वेळ लागला त्याला, इंग्रजी येत असून.

"यानं काही सिद्ध होत नाही," तो म्हणला. पण आवाज माईकवरचा नव्हता.

"ते तुमी ठरवायचं न्हाई. वरचे ठरवतील. हा अर्ज घ्या. शिक्का मारा. पोच द्या."

"आणि नाही मारला तर?"

मी मेंढीची दोरी त्याच्या दाराच्या कडीला बांधली. भिंतीला पाठ लावून उभा ऱ्हायलो. हात खाली.

"हे ऑफिस पाच वाजता बंद होतं," साहेब म्हणला.

मी म्हणलं, "उद्या उघडतंय ना?"