मारियाच्या अंगणातला खड्डा

ग्रीसमधल्या किनाऱ्यावरच्या त्या खेड्यात आम्ही मारियाकडे उतरलो होतो. तिच्या अंगणात दोरीने वेढलेला एक खड्डा होता. सासूला जिना चढवत नाही म्हणून खाली न्हाणीघर बांधायला घेतलं, तर खणताना प्राचीन भिंत लागली. सरकारी माणसांनी काम थांबवलं, त्याला सहा वर्षं झाली.

"कळवलंस कशाला?" मी विचारलं.

"मी कुठे कळवलं? सासूबाईंनीच कौतुकाने गावभर सांगितलं," मारिया म्हणाली. "आता भोगतायत."

खड्ड्यात दगडी मोरी स्पष्ट दिसत होती, उतार नीट काढलेला. दोन हजार वर्षांपूर्वी कुणाची तरी सासू इथे, तळमजल्यावर, निवांत अंघोळ करत असेल. मारियाची सासू खांद्यावर टॉवेल टाकून, कठडा धरून, चौथ्या पायरीवर दम खात उभी होती.