सेक्रेटरींची टोपी आणि वस्तादांची निळी फुलं

आमच्या इमारतीत दोन जागा उजाड होत्या. एक तळमजल्यावरच्या केशकर्तनालयासमोरची मातीची पट्टी आणि दुसरी सेक्रेटरींच्या टोपीखाली. दोन्ही ठिकाणी काहीतरी उगवून दाखवायचा शब्द वस्तादांनी वेगवेगळ्या वेळी दिला होता.

वस्ताद म्हणजे त्या केशकर्तनालयाचे मालक, कारागीर आणि झाडूवाले. दुकानात खुर्ची एकच. बाकीची गिऱ्हाइकं बाहेर, मातीच्या पट्टीवरच्या बाकड्यावर बसत आणि आपला नंबर येईपर्यंत कमिटीची बिनपाण्याने करत. दुकान चालायचं ते या बाकड्यावर. उभं गिऱ्हाईक पाच मिनिटांत समोरच्या एसी सलूनमध्ये जातं, बसलेलं उठत नाही, हा वस्तादांचा तीस वर्षांचा अनुभव.

अशात कमिटीचा कागद आला. आवारातल्या मोकळ्या मातीवर सिमेंट घालून स्कूटरी लावायच्या.

"साहेब, मग बाकडं कुठं ठेवू?" वस्तादांनी सेक्रेटरींना विचारलं.

"घरी ठेवा."

"घरात माणसंच मावत नाहीत."

"मग बाग करा. बागेला हात लावायचा नाही, असा नियमच आहे आपला."

आपण हे गमतीने म्हणालो होतो, असं सेक्रेटरी नंतर पुष्कळांना सांगत. पण गंमत कुणाशी करावी याचाही पाचपोच हवा. वस्तादांनी भर दुपारी शटर ओढलं आणि रोपवाटिका गाठली.

"बुटकं पाहिजे, पसरणारं पाहिजे, दरवर्षी नव्याने लावायला लागू नये आणि अर्धा दिवस सावली चालली पाहिजे," त्यांनी सांगितलं. तिथल्या बाईंनी बेलफ्लॉवरची, म्हणजे घंटेसारख्या निळ्या फुलांची, रोपं पुढे केली.

"पहिल्या वर्षी नुसती पानं येतील. मुळं आतून पसरतात, घाई करू नका. पाणी द्या, पण साचू देऊ नका. आणि फुलं सुकली की निम्मं छाटा. तीन-चार आठवड्यांत परत फुलतं."

"छाटायचं मला शिकवू नका, ताई," वस्ताद म्हणाले.

लागवड त्यांनी धंद्याच्या शिस्तीने केली. कंगव्याने मातीत सरळ भांग पाडले आणि वीत-वीत अंतरावर रोपं खोचली. वस्तादांची बायको, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या वहिनी, दारात उभ्या राहून म्हणाल्या, "तेल पण लावा थोडं."

गोगलगायी यायला लागल्या तेव्हा वस्तादांनी दुकानातले कापलेले केस गोळा करून प्रत्येक रोपाभोवती त्यांचं कडं केलं. केसांवरून सरपटणं गोगलगायींना जमेना. अशा रीतीने त्या बागेत इमारतीतल्या प्रत्येकाचा थोडाथोडा वाटा पडला. सेक्रेटरींचा तेवढा राहिला.

पहिलं वर्ष पानांत गेलं. "ही बाग की गवत?" सेक्रेटरींनी विचारलं. बाग कशाला म्हणावं हे नियमांत लिहिलेलं नव्हतं, म्हणून तिघांची उपसमिती नेमली गेली. उपसमिती नेमली की निदान वर्षभर काही होत नाही, ही इमारतीची चांगली बाजू. त्या वर्षात मुळांनी आपलं काम केलं आणि पुढच्या मोसमात पट्टी अशी निळी झाली की बायका मुद्दाम तिथून जिना चढू लागल्या. छोट्या छोट्या घंटा ओणवून ठेवल्यासारखी फुलं. मातीचा ठिपका दिसेना. समोरच्या एसी सलूनचा मालकसुद्धा येऊन बाकड्यावर बसून गेला.

उपसमितीने पाहणीचा रविवार ठरवला तो तीन आठवड्यांनंतरचा. आदल्या दिवशी संध्याकाळी वस्तादांनी बाहेर येऊन पाहिलं. फुलं सुकून तपकिरी पडली होती. वस्तादांमधला कारागीर जागा झाला.

रविवारी उपसमिती आली. सेक्रेटरी, दुसऱ्या मजल्यावरच्या गणिताच्या बाई आणि कुठल्याही कागदावर सही करणारे एक काका. समोर दोन बोटं उंचीचे खुंट.

"फुलं कुठायत?" सेक्रेटरींनी विचारलं.

"कापली."

"कापली म्हणजे?"

"सुकली होती, साहेब. तुम्ही बघायला येणार, तेव्हा अशी पारोशी कशी ठेवायची?"

"निम्मं छाटायचं असतं ना?" गणिताच्या बाई म्हणाल्या.

"हात बसलाय, बाई. पण मुळं आहेत. तीन-चार आठवड्यांत परत भरेल."

सेक्रेटरींनी टोपी काढली. चारचौघांत ते टोपी काढत नसत. "वस्ताद, हेच वाक्य मी बारा वर्षांपूर्वी तुमच्या खुर्चीत बसून ऐकलंय. तेलाच्या अकरा बाटल्या संपवल्या मी."

वस्तादांनी एकदा खुंटांकडे आणि एकदा तिकडे पाहिलं. "साहेब, तिथं मुळं नव्हती."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"तुम्ही इतक्या आशेनं बसला होतात. माझ्याच्यानं सांगवेना."

सेक्रेटरींनी टोपी घातली आणि 'पट्टी उजाड आहे, सिमेंट करावे' असा अहवाल लिहिला. काकांनी सही केली. तो पुढच्या महिन्याच्या सभेत वाचल्याशिवाय लागू होत नाही, हे गणिताच्या बाईंनी दाखवून दिलं म्हणून चार आठवडे मिळाले.

"जन्मभर लोकांची डोकी भादरलीत, शेवटी आपलंच दुकान भादरलंत," वहिनी म्हणाल्या. रोज सकाळी शटर उघडायच्या आधी वस्ताद उकिडवे बसून खुंट बघत. गिऱ्हाइकंही मानेनेच 'काही?' असं विचारून बाकड्यावर बसत.

तिसऱ्या आठवड्यात कळ्या दिसल्या. सभेच्या दिवशी सकाळी सेक्रेटरी अहवाल घेऊन खाली आले, तेव्हा पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत निळी होती. पहिल्या वेळेपेक्षा फुलं कमी, पण मोजता येणार नाहीत इतकी. ते बराच वेळ उभे राहिले, मग बाकड्यावर बसले. खिशातून पेन काढून त्यांनी सगळं खोडलं आणि खाली लिहिलं, 'बाग आहे. बाकड्यासह राहू द्यावी.'

मग आत जाऊन त्यांनी टोपी खुंटीला अडकवली.

"दाढी?" वस्तादांनी विचारलं.

"नाही. कानामागचं आहे तेवढं सगळं काढा. आणि वस्ताद," सेक्रेटरी आरशात न बघता म्हणाले, "कात्री तीच घ्या, फुलांची."

"साहेब, मी मागेच बोललो..."

"काढा म्हटलं ना."

वस्तादांनी फडका झटकून त्यांच्या गळ्याभोवती बांधला. या खेपेला किती दिवस लागतील ते त्यांनी सांगितलं नाही, आणि सेक्रेटरींनीही विचारलं नाही.