मामांची सायकल कुणी नेली

चादर उचलली आणि मामांनी सगळ्यात आधी माझ्याकडं पाहिलं.

चादरीखाली सायकल नव्हती. प्लास्टिकच्या दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवल्या होत्या, वरून सायकलच झाकलीय असं वाटावं अशा. साखळीचं कुलूप खाली पडलेलं होतं, उघडं पण धड. मामा म्हणजे माझे सासरे. उभा जन्म साखर कारखान्यात फिटर म्हणून काढलेला माणूस. त्यांनी ते कुलूप हातात घेऊन फिरवून फिरवून पाहिलं.

"तोडलेलं न्हाई," ते म्हणाले. "चावीनं उघडलंय. भाईरचा चोर खुर्च्या मांडून जात न्हाई."

चावी देवघराशेजारच्या खिळ्याला असायची आणि होतीही तिथंच. मी नाही म्हटलं असतं तरी उपयोग नव्हता, कारण सायकल बंद करा असं घरात सगळ्यात मोठ्या आवाजात मीच म्हटलं होतं.

झालं होतं असं. आम्ही मलकापूरला राहतो. कॉलनीतून बाहेर पडलं की मोठा रस्ता लागतो आणि तो ओलांडून पुढं गेलं की कराड. मामा रोज सकाळी सायकलवरून तो रस्ता पार करायचे, मंडईतून भाजी घ्यायचे आणि संगमावरच्या बागेत जुन्या दोस्तांबरोबर घटकाभर बसून यायचे. एके दिवशी उलट्या बाजूनं आलेल्या टेंपोचा आरसा त्यांच्या दंडाला लागला. ते पडले. हाड मोडलं नाही, पण कोपर सोलवटलं आणि हात गळ्यात बांधायची वेळ आली. टेंपोवाला थांबलाही नाही.

त्या संध्याकाळी मी म्हटलं, "मामा, आता सायकल बास."

"सायकलनं काय केलं?" ते म्हणाले. "धडकला त्यो टेंपो. त्येला घरात बसवा की!"

आमच्या ह्यांनी मान खाली घातली. आत्ती, म्हणजे सासूबाई, भाकरी थापत होत्या. त्यांनी पुढची भाकरी तव्यावर टाकली. सायकल बोळात चादरीखाली उभी राहिली, ती मामांचा हात बरा होईपर्यंत. आणि हात बरा झाला त्या सकाळी हे खुर्च्यांचं निघालं.

त्यानंतर घराची हवाच बदलली. मामा माझ्या हातचा चहा घ्यायचे, पण कप घेताना वर बघायचे नाहीत. छत्री त्यांनी कपाटात कुलपात ठेवली. चपला बाहेर काढायचं सोडून खाटेखाली ठेवायला लागले. आत्ती म्हणाल्या, "आवं, चपला कोन नेतंय?" तर ते म्हणाले, "सायकल तरी कोन नेत व्हतं? घरातली मानसंच सुधारायला लागल्यात मला."

मला मात्र संशय ह्यांचा होता. सायकलची गोष्ट निघाली की हे मोबाईलमध्ये डोकं घालायचे. दोनदा विचारलं, दोन्हीदा "मला काय माहीत" म्हणून बाहेर पडले. नाक्यावर एक म्हातारे चाचा भंगाराचं दुकान चालवतात. कामावरून येताना मी तिथं थांबले आणि एखादी काळी जुनी सायकल आली होती का, असं विचारलं.

चाचा हसले. "ताई, तुमचे मिस्टर पण कालच हे विचारून गेले. तुमी विकली का बघायला आलते."

मी तशीच घरी आले. स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि दबक्या आवाजात आमचं भांडण झालं.

"तुम्हाला माझा संशय आला?"

"तुला नव्हता आला माझा?"

"तुम्ही मला तोंडावर विचारायचं होतं."

"विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस?"

बाहेरच्या खोलीत आत्ती वाती वळत बसल्या होत्या. आवाज नक्कीच जात असणार. त्यांनी डोकंही वर केलं नाही.

मामांनी आता चालत जायला सुरुवात केली. कुणाला सांगायचे नाहीत. पिशवी घ्यायची आणि फाटक वाजू न देता निघायचं. मला राहवेना. हा माणूस रस्ता कसा ओलांडतो ते तरी बघावं, म्हणून एक दिवस थोडं अंतर ठेवून मीही मागं निघाले.

त्या रस्त्यावरून मी वर्षानुवर्षं स्कूटरनं जात होते. पायी उभी कधी राहिले नव्हते. दुभाजकाला एके ठिकाणी कुणीतरी पाडलेली फट होती. सगळे तिथूनच जायचे. शाळेची मुलं, दुधाची किटली घेतलेल्या बायका, सायकल हातात धरलेला एक गवंडी. मामा कडेला उभे होते. हात वर करायचे, गाडी थांबायची नाही, हात खाली यायचा. मोटारसायकली कडेच्या मातीतून, लोकांच्या मागून काढत होत्या, म्हणजे मागंही सरकायची सोय नाही. शेवटी मामा निम्मा रस्ता पळाले आणि दुभाजकाच्या फटीत अडकून उभे राहिले. त्यांना पळताना मी पहिल्यांदाच पाहत होते. उसाची ट्रॉली गेली, मागून डंपर गेला. प्रत्येक गाडीबरोबर त्यांचा सदरा फुगायचा आणि ते पोट आत ओढायचे.

माझ्या तोंडून "मामा!" असं निघून गेलं.

त्यांनी वळून पाहिलं. तिथूनच ओरडले, "पाळत ठेवतीस व्हय?"

मी कशी पळाले आठवत नाही, पण त्यांच्याशेजारी जाऊन त्या फटीत उभी राहिले. दोघांना जागा पुरत नव्हती. त्यांनी माझा दंड घट्ट धरला.

"सायकल मी नाही नेली, मामा."

"मग कुनी?"

"ठाऊक नाही."

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. पटलं की नाही ते कळलं नाही. मग म्हणाले, "सायकलवर असलं की निदान हॉर्न तरी देत्यात. चालनारं मानूस तर त्यांना दिसतच न्हाई."

त्या दिवसापासून मी त्या फटीपाशी उभ्या राहणाऱ्या बायकांशी बोलायला लागले. पालिकेत जाऊ या, इथं ओलांडायला धड जागा मागू या, एवढंच म्हणत होते. पण लोकांनाही माझा संशय. एक जण म्हणाली, "निवडणुकीला उभं राहनार का काय?" दुसरीनं विचारलं, "तुमाला काय मिळनार ह्यात?" तरी चार-दोन जणी तयार झाल्या. आम्ही गेलो, बसलो, पुन्हा गेलो. बऱ्याच दिवसांनी एक तरुण इंजिनिअर बाई टेप घेऊन रस्त्यावर आल्या. त्यांनी फट मोजायला घेतली तसे माझ्याबरोबर आलेले मामा पुढं झाले.

"बंद करायला आलाय न्हवं?"

बाई म्हणाल्या, "आजोबा, तसाही विचार आहे. इथं रेलिंग लावायचं आणि लोकांनी पुढच्या चौकातून यायचं."

"म्हंजे गाड्या मोकळ्या आनि आमी कोंडलेले. मला वाटलंच व्हतं."

"मग पांढरे पट्टे मारून देऊ?"

"द्या की."

"नुसत्या पट्ट्यांना कुणी थांबत नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही मात्र पट्ट्यांवर विश्वास ठेवून उतराल. ते जास्त वाईट."

बाईंनीच मग समजावलं. रस्ता इथं उचलून घ्यायचा, चढावर गाडीला वेग कमी करावाच लागतो. पट्टे त्या उंचवट्यावर मारायचे. आणि मध्ये दुभाजकात दोन सायकली उभ्या राहतील एवढी जागा करायची, म्हणजे निम्मा-निम्मा रस्ता ओलांडता येईल. "पण वरून मंजूर व्हायला हवं. शब्द देत नाही," त्या म्हणाल्या. घरी येताना मामा म्हणाले, "गोड बोलली. करनार न्हाई."

याच सुमाराला एका दुपारी औंधहून वन्संचा, म्हणजे नणंदेचा, फोन आला. आत्ती न्हाणीघरात होत्या म्हणून त्यांचा मोबाईल मी उचलला. माझा आवाज ऐकायच्या आधीच वन्सं म्हणाल्या, "आई, आबांची सायकल किती दिस ठेवायची गं? येता-जाता पायात येतीय."

मी तसाच फोन ठेवला आणि आत्ती बाहेर यायची वाट बघत बसले.

"वन्संचा फोन होता," मी म्हटलं. "सायकल पायात येतीय म्हणे."

आत्तींनी ओले केस पुसणं थांबवलं नाही. "व्हय. मीच धाडली. तिच्या दिराचा टेंपो बटाटं घिऊन आलता, त्यात."

"आणि खुर्च्या?"

"मीच मांडल्या."

"आत्ती, मामा इतके दिवस माझ्याकडं चोर म्हणून बघतायत. आमचं दोघांचं भांडण झालं. तुम्ही तिथंच बसला होता!"

"बसले व्हते," त्या म्हणाल्या. "तुज्यावर रागावले तर बोलायचं थांबत्यात. माज्यावर रागावले तर जेवायचं थांबत्यात. मग काय करू? दंडाला लागला त्यो आरसा डोक्याला लागला असता तर? मी सांगून त्यांनी कवा ऐकलंय?" आणि तेवढं बोलून त्या खाली बसल्या आणि पदरानं तोंड झाकून रडायला लागल्या. मला खूप राग आला होता. रडणं बघूनही तो लगेच गेला नाही. मी एवढंच म्हटलं, "मामांना तुम्ही सांगायचं. मी सांगणार नाही."

रात्री जेवताना त्यांनी सांगितलं. मामांच्या हातातला घास तसाच राहिला. हे आणि मी ताटात बघत बसलो. मामांनी पाण्याचा घोट घेतला आणि विचारलं,

"टेंपोत उभी ठेवली व्हती का आडवी?"

"बांधून उभी," आत्ती म्हणाल्या.

"मग बरं," म्हणून त्यांनी घास तोंडात घातला. माझ्याकडं न बघता त्यांनी चटणीची वाटी माझ्या बाजूला सरकवली. माफी मागायची त्यांची तीच रीत.

पुढच्या रविवारी बापलेक औंधला गेले. यमाईचं दर्शन घेतलं आणि सायकल घेऊन आले. पण रस्त्याचं काम होईपर्यंत ती बाहेर काढायची नाही, असं आत्तींनी मामांकडून वदवून घेतलं. त्यांनी पाळलंही. फक्त रोज तेलपाणी करायचे.

शेवटी वरून मंजुरी आली आणि काम झालं. बाई म्हणाल्या होत्या तसाच उंचवटा, पट्टे, मधली जागा. मोटारसायकली अजूनही कडेनं घुसतात आणि उलट्या बाजूनं येणारे येतातच. पण शाळेची मुलं आता पळत नाहीत, चालत जातात.

पहिल्या दिवशी मी मामांबरोबर गेले. ते सायकल हातात धरून पट्ट्यांपाशी उभे राहिले. एक पांढरी मोटार आली, चढापाशी हळू झाली आणि चक्क थांबली. आतल्या माणसानं हातानं खूण केली, जा.

मामा हलले नाहीत.

"चला ना," मी म्हटलं.

"थांब. ह्यो का थांबलाय?"

"तुमच्यासाठी."

"माज्यासाठी? मी वळखत न्हाई त्येला."

त्यांनी हात हलवून मोटारवाल्याला पुढं जायची खूण केली. त्यानं हसून पुन्हा मामांना खूण केली. मामांनी पुन्हा त्याला. मागं गाड्यांची रांग लागली आणि हॉर्न वाजायला लागले. तेव्हा कुठं मामांनी सायकल पुढं ढकलली आणि पलीकडं पोचेपर्यंत त्या मोटारीवरची नजर काढली नाही.