निर्जलेचे पारणे आणि साखर घेणारे शेवाळ

या टपालगटातील सुहृदहो, आज सकाळी बेलापूरला आमच्या घरी घडलेले लिहितो.

नात सुमेधा पुण्याच्या प्रयोगशाळेतून काल हताश होऊन आली. केवळ उजेडावर जगणाऱ्या निळ्या-हिरव्या शेवाळाला बाहेरची साखर आत घेता यावी, म्हणून तिने त्यात दुसऱ्या जिवाणूचे जनुक घातले. शेवाळाने साखर घेतली आणि ते मेले. विषय सोडायचा की नाही, हे तिला उद्या मार्गदर्शकांना सांगायचे आहे.

"सोड की. निदान घरी जेवायला तरी येशील," सूनबाई म्हणाली.

काल निर्जला एकादशी होती. आज सकाळी उपास सोडताना मी थोडीशीच पेज प्यायलो आणि वाटी बाजूला ठेवली.

"आबा, एवढंच?" सुमेधाने विचारले.

"उपाशी पोटाला एकदम भरपूर सोसत नाही, बाई."

ती थबकली. "आम्ही तर पहिल्याच दिवशी भरपूर साखर घातली."

"मला पोटाचं कळतं, शेवाळाचं नव्हे."

"थोडी थोडी साखर देऊन पुन्हा करून बघते," म्हणत तिने दुपारची एसटी पकडली.

तिच्या यशापयशात मी मन गुंतवलेले नाही. मात्र परमेश्वराने ज्याला उजेडावर तृप्त ठेवले, त्याला भूक लावणे हा उपकार म्हणावा की उपद्रव? आपले मत कळवावे.