काळा न झालेला काळा मसाला

आखाजीचा मसाला पुरुषाने करू नये, असं कुठे लिहिलेलं नाही. लिहिलेलं असतं तर मी ते कापून फ्रिजवर चिकटवलं असतं आणि सुटलो असतो.

आमच्या धुळ्याच्या घरात हा मसाला आई करते. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्याकडे त्या सणाला लेकी माहेरी येतात आणि चार दिवस कुणाचं काही ऐकत नाहीत. जेवायला पुरणपोळ्या, आमरस आणि पुरणाच्या डाळीच्या पाण्याची काळी, झणझणीत रशी. ती रशी या मसाल्याशिवाय होत नाही. सण झाला की लेक परत जाताना मसाल्याचा डबा घेऊन जाते. माझी थोरली बहीण, जिला आम्ही अक्का म्हणतो, सावद्याला दिली आहे. घरच्या केळीच्या बागा आहेत, कशाला काही कमी नाही, पण मसाला दरवर्षी धुळ्याचाच जातो.

दोन वर्षांपूर्वी आखाजीच्या तोंडावर आईच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला आणि धूर, धूळ, तिखट यांच्या जवळपासही फिरकायचं नाही असं बजावलं. अक्काला हे कळल्यावर तिचा फोन आला. आई फोन स्पीकरवर लावूनच बोलते, त्यामुळे आमच्या मजल्यावर सगळ्यांनीच तो ऐकला.

"माय, यंदा मसाला राहू दे. मी इकडूनच एक पाकीट घेऊन येते. आणि खरं सांगू का, आता दरवर्षीच राहू दे. या वयात किती करशील?"

आईने "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. मग मला म्हणाली, "व्हयनं. संपनं तिनं माहेर."

"आई, मोतीबिंदू काढलाय, माहेर नाही."

"लेक मसाला ली जात नही, मंग तिले इकडे येवानं काय काम?"

मी म्हटलं, ती काय मसाल्यासाठी येते का? त्यावर आई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. काळ्या चष्म्यामागे माणूस झोपलाय, रुसलाय की रडतोय ते कळत नाही. हा त्या चष्म्याचा मोठा दोष आहे.

बायको शाळेत शिकवते. मी काही विचारायच्या आतच ती म्हणाली, "लग्न झाल्यापासून मी त्या मिरच्यांपुढे शिंकतेय. या वेळी माझे पेपर तपासायचे आहेत." पेपरचा गठ्ठा तिने पुराव्यादाखल टेबलावर आणूनही ठेवला. तेव्हा उरलो मी.

माझी कामाची पद्धत ठरलेली आहे. आधी यादी, मग सामान, मग काम. यादी करायला आईसमोर बसलो. मिरच्या किती, हे तिने नीट सांगितलं. पुढे सगळा कारभार मुठीवर गेला. धणे इतक्या मुठी, तीळ एक मूठ, दगडफूल "मूठ, पण सैल". मी स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला, तिच्या हातात धणे दिले आणि मूठ काट्यावर रिकामी करायला लावली. मग खात्रीसाठी परत एकदा. दोन वेळा दोन वेगळी वजनं आली.

"आई, एक काहीतरी नक्की सांग."

"मूठ काय सोनारनी शे का?" ती म्हणाली.

मी दोन्हींची सरासरी काढली.

बाजारातून सामान आणलं. एकेक वस्तू वेगळी भाजायची आणि परातीत गार करायची, असा नियम. इथे मी वेळ वाचवायचं ठरवलं. सगळ्या पराती पंख्याखाली ओळीने मांडल्या आणि पंखा पाचवर केला. दगडफूल म्हणजे दगडावर उगवणारं, वाळून कागदासारखं हलकं झालेलं काळपट शेवाळ. ते उठलं आणि घरभर पसरलं. बायकोने इतिहासाच्या एका उत्तरपत्रिकेतून चिमूटभर काढून आणून दिलं आणि म्हणाली, "यातला मजकूर पण असाच उडालेला आहे." मी झाडून गोळा केलं, चाळलं आणि आईला काही बोललो नाही.

खरी परीक्षा खोबऱ्याची होती. काळा मसाला काळा होतो तो मुख्यतः जाळलेल्या खोबऱ्यामुळे. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या थेट गॅसच्या जाळावर धरून काळ्या करायच्या. भाजायच्या नाहीत, जाळायच्या. आई पुढच्या खोलीत, मधलं दार बंद, दाराच्या फटीला ओला टॉवेल. मी एक्झॉस्ट पंखा लावला आणि चिमट्यात वाटी धरली.

"धूर निंघना का रे भाऊ?" दाराआडून आवाज.

"निघाला."

"शेजारना चाचा उनात का विचाराले?"

"नाही."

"मंग जळनं नही ते. आखो जळू दे."

आमच्या समोरच्या घरात राहणाऱ्या चाचांचं पत्र्याच्या पेट्यांचं दुकान आहे. स्वभाव सावध. कुठे काही जळायचा वास आला की ते सिलिंडरची चौकशी करायला येतातच. ते येऊन विचारतात तेव्हा खोबरं तयार झालं, हे आईचं मोजमाप होतं. मला ते शास्त्रशुद्ध वाटलं नाही. खोबरं चांगलं बदामी झालं होतं. आणखी जाळून चांगला माल कोळसा कशाला करायचा? मी गॅस बंद केला.

मसाला कुटायच्या कांडपावर आखाजीच्या आधी बायकांची ही मोठी रांग असते. रांगेत पुरुष मी एकटाच. पुढच्या बाईंनी पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"भाऊ, घरी बाई आजारी का?"

"नाही, नोकरीवर."

"मग पोळ्या पण तुम्हीच करणार?"

"त्या ती करेल."

"बघा हं, पोळ्याही गळ्यात पडतील," त्या म्हणाल्या, आणि मागच्या चौघींना हे इतकं आवडलं की माझा नंबर येईपर्यंत तेच चाललं होतं. मी पुरतं लक्ष यंत्राकडे दिलं. आधीच्या गिऱ्हाइकाचा मसाला आपल्यात येऊ नये म्हणून पहिली मूठ कुटून टाकून द्यायची असते. तीही टाकली. काम चोख झालं.

घरी येऊन डबा आईसमोर उघडला. तिने काळ्या चष्म्यातून वाकून पाहिलं.

"काळा दिसस," ती समाधानाने म्हणाली.

मी गप्प. त्या चष्म्यातून आमरससुद्धा काळाच दिसत होता. पण आईला माझी गप्प बसण्याची पद्धत लहानपणापासून माहीत आहे. तिने चष्मा कपाळावर चढवला, बरा असलेला डोळा डब्याजवळ नेला आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"हाऊ मसाला शे का गुलाल?"

तो तांबूस होता, हे खरं. आई रागावली नाही, तेच वाईट होतं. चष्मा खाली ओढून म्हणाली, "ऱ्हाऊ दे. पाकीट तिले आणू दे." आणि परत भिंतीकडे वळली.

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्का येणार होती. मी सकाळी बाहेर पडून पुन्हा खोबरं आणलं. बायकोने पेपर बाजूला ठेवले आणि मदत केली नाही, पण बघायला बसली. आईला या वेळी दाराआड ठेवण्यात अर्थ नव्हता, म्हणून तिला चाचांकडे नेऊन बसवलं. चाचीने चहा टाकला. मी घरी येऊन एक्झॉस्ट बंद केला आणि वाटी सरळ जाळात धरली. तेल सुटलं, वाटीने पेट घेतला, मी फुंकर घालून विझवली आणि परत धरली. थोड्या वेळाने चाचा दारात.

"भाऊ, आपकी अम्मी पूछ रही हैं, धुआँ किधर है? अभी तक आया नहीं बोलतात."

"येतोय म्हणावं."

पुढच्या वाट्या मी निर्दयपणे जाळल्या. चाचा परत आले ते रुमाल नाकाला लावून, एका हाताने जिन्याकडे बोट दाखवत. "आया, आया! बस करो! वरचे लोक खाली उतरून राहिलेत!"

ते काळं खोबरं मी मिक्सरला लावलं आणि मसाल्यात कालवायला घेतलं. हात, परात, बनियन, सगळं काळं. तेवढ्यात जिन्यात अक्काचा आवाज आला. ती खोकत वर आली तेव्हा आई चाचांच्या दारात चष्मा लावून उभी होती. अक्काच्या पिशवीतून पाकीट डोकावत होतं. आईने ते उपसून काढलं आणि चाचीच्या हातात ठेवलं.

"ले वं, तुले व्हई."

"माय, अगं!" अक्का म्हणाली. "आणि घरचा जमला नसेल तर?"

आई तोवर आमच्या दाराकडे निघाली होती. तिनेही अजून तो मसाला पाहिला नव्हता.

आखाजीला रशी बायकोने केली, मसाला आईच्या सांगण्यावरून मी टाकला. काळी झाली. अक्काने वाटी तोंडाला लावली. आई पुरणपोळीला हातही न लावता तिच्याकडे बघत होती. चष्म्यामुळे ते कुणाला दिसत नाही, असा तिचा समज होता. अक्काचं नाक वाहायला लागलं, डोळे पुसले, तिने दुसरी वाटी घेतली. मग म्हणाली, "जरा करपट आहे."

आईने चष्मा माझ्याकडे वळवला.

"सासरी आवडेल," ती म्हणाली. "दरवर्षी जरा कमीच जाळतेस तू, माय. डबा मोठा काढ."

आईने मोठा डबा काढला. अक्का निघायच्या दिवशी आईने स्वतः तो भरला, दाबून दाबून भरला, आणि उरलेला पिशवीत बांधून तोही तिच्या हातात दिला. "बठ्ठा लई जाय." परातीत जे चिकटलं होतं, ते मात्र आमचं.

अक्काला बसमध्ये बसवून परत आलो तर बायको रिकामी परात बघत उभी होती.

"आई, आपल्याला वर्षभर काय?"

आईने काळा चष्मा नीट केला. "तुले माहेर नही शे का वं?"

रविवारी आम्ही डबा घेऊन शिंदखेड्याला गेलो. सासूबाईंनी काही न विचारता भरून दिला. घरी आल्यावर आईने हुंगून पाहिला, बडीशेप जास्त आहे म्हणाली, आणि संध्याकाळच्या वांग्याच्या भाजीत दोन चमचे टाकायला सांगितला.