भरलेल्या पिंपाचा आवाज

शेजारच्या कुंदाताई राणे आमच्या घरी आल्या की बसायच्या आधी पंख्याचं बटण बंद करायच्या. मुलुंडचा मे महिना, अंगाला घामाच्या धारा, पण त्यांना त्याचं काही नसे. "घर काय सांगता ता ऐकूक नको?" असं उलट मलाच विचारायच्या. एका कचेरीच्या टेलिफोन बोर्डावर त्यांची सगळी नोकरी झाली होती आणि निवृत्तीनंतरही त्यांचे कान स्वस्थ बसायला तयार नव्हते. इमारतीत कुठे टपटप सुरू झाली की प्लंबरच्या आधी त्यांना बोलावणं जाई. एका घरी तर भिंत फोडायची तयारी झाली होती. कुंदाताईंनी खिडकी उघडून खालच्या पत्र्यावर गळणारी ओली चादर दाखवली आणि म्हणाल्या, "आता माका चाय दे."

आमच्या बरोबर वरच्या घरात पेडणेकरबाई एकट्या राहत. त्यांचं आणि कुंदाताईंचं विळ्याभोपळ्याचं सख्य. सोसायटीच्या सभेत पेडणेकरबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, "ही जिन्यातला कॉक फिरवून आमचं पाणी अडवते." ते कुंदाताईंच्या जिव्हारी लागलं. तेव्हापासून दोघींचा अबोला. जिन्यात समोरासमोर आल्या तर एक भिंतीकडे बघे, दुसरी छताकडे. मला दोघींचाही राग येई.

त्या दिवशी सकाळचं पाणी येऊन गेलं होतं. मी मोरीत भांडी घासत होते, तेवढ्यात भिंतीतून आवाज आला. टप्. मग शांतता. पुन्हा टप्. घर नवं, टाइल्स नव्या, आणि आता भिंत फोडायची वेळ. कुंदाताईंना हाक मारली. पंखा बंद, रेडिओ बंद. त्यांनी आमचा कॉक पिळून बंद केला, तरी आवाज चालूच. मग स्टीलचा पेला भिंतीला लावून त्यावर कान टेकला.

"तुझा नळ नाय हा. वर पिंपात पडतंय."

"हुश्श! मग पडू दे ना."

त्यांनी हात वर करून मला गप्प केलं. चेहरा उतरला होता. "पिंप भरलेलं आहे गो. रिकाम्याचा आवाज असा येत नाय. नळ उघडोच रवलो."

पाणी यायच्या आधी नळ उघडा ठेवून खाली पिंप लावायची आमच्याकडे पद्धत होती. धार लागली की आवाजाने कळे. पण पिंप भरून पाणी गेलं तरी नळ उघडाच? पेडणेकरबाई थेंबाथेंबासाठी भांडणारी बाई.

"ती नळ सोडून जायची नाय. चल," म्हणत कुंदाताई निघाल्या. गुडघे धरून चालणारी ही बाई अशी जिना चढली की मी मागे राहिले.

दाराला आतून कडी होती. "पेडणेकरबाई! अगो, दार उघड!" उत्तर नाही. शेजारपाजारचे धावत आले, एकच गलका झाला.

"गप रवा सगळे!" कुंदाताई अशा ओरडल्या की जिना चिडीचूप झाला. त्यांनी दाराला कान लावला. मला माझ्याच छातीचे ठोके ऐकू येत होते.

"जिवंत आसा," त्यांचा आवाज फाटला. "तांब्यो वाजवता. फोडा दार!"

पेडणेकरबाई मोरीत पडल्या होत्या. मांडीचं हाड मोडलेलं, ओठ पांढरे, हाताशी तांब्या, आणि शेजारी काठोकाठ भरलेलं पिंप. कुंदाताईंनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, तेव्हा त्या पुटपुटल्या, "कुंदा, आधी नळ बंद कर. पाणी फुकट जातंय." कुंदाताईंनी हात लांबवून नळ बंद केला आणि लहान मुलासारख्या रडायला लागल्या.

पुढे पेडणेकरबाई काठी टेकत रोज संध्याकाळी खाली येऊ लागल्या. भांडणं पूर्वीसारखीच, फक्त आता चहा पिता पिता. मला तो आवाज फार आवडायचा.

काही वर्षांनी कुंदाताई अंथरुणाला खिळल्या. एका सकाळी हाक मारली तर उठेचनात. डॉक्टर यायचे होते, पण घरात रडारड सुरू झाली. पेडणेकरबाई काठी टेकत आल्या. त्यांनी आधी पंखा बंद केला. "गप्प बसा सगळे," म्हणाल्या. मग वाकून कुंदाताईंच्या छातीवर कान ठेवला आणि कितीतरी वेळ तसाच ठेवला.

शेवटी त्या उठल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "लाव आता पंखा."